पाच आयतवारांची सनई

हवालदार मोरे दर रविवारी आमच्या घरी ग्रामोफोनची तबकडी घेऊन यायचे ते परेड करत. खरंच सांगतो. दोन्ही हात पुढे, हातांवर पाकिटातली तबकडी आडवी, नजर समोर आणि पाय लेफ्ट-राइट. वाटेत कुणी रामराम घातला तरी मान वळायची नाही. उंबऱ्याशी आले की स्वतःलाच 'हाल्ट' म्हणायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. आमच्या काशिनाथ कंपाउंडरला ते पाहून दर खेपेला ठसका लागायचा.

दिवस लढाईचे. साताऱ्यात आमच्या पेठेत फोनो तीन. एक माझा, एक काशिनाथाचा आणि एक हवालदारांचा. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की माझ्या ओटीवर तिघांची बैठक. रिवाज असा की "सध्या काय ऐकताय?" असं एकमेकांना विचारायचं आणि ज्यानं त्यानं उत्तरादाखल आपली तबकडी लावायची. काशिनाथ दर रविवारी नवीन नाटकातलं पद आणायचा. मी कधी ठुमरी, कधी भजन. हवालदार मात्र बारा महिने तेरा काळ एकच तबकडी आणायचे. सनई.

"अहो, गेल्या रविवारीही सनईच होती," काशिनाथ डिवचायचा.

"मग? ती काय शिळी झाली व्हय?" हवालदार मिशी सावरत म्हणायचे. "हुकूम झाल्याबिगर जागा सोडायची न्हाई."

ही सनई त्यांच्या सदूनं, एकुलत्या एक पोरानं, आणलेली. सदूच्या लग्नात सनईवाला ऐन वेळी ताप भरून आडवा झाला, तेव्हा या पठ्ठ्यानं मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत फोनोला चावी देऊन स्वतःच्या लग्नात स्वतःच सनई वाजवली होती. लग्नानंतर तीन महिन्यांत तो पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला.

लढाईपायी फोनोच्या सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हा आम्ही बाभळीचे काटे लावायला लागलो. ते खातं हवालदारांकडे. मेढ्याकडच्या आपल्या गावाहून ते काटे आणायचे, ब्लेडनं टोकं काढायचे आणि ओळीनं मांडून तपासायचे. "ह्यो वाकडा. पलटनीत घ्येनार न्हाई," असं म्हणून एखादा बाद करायचे. मेसोपोटेमियातली जुनी लढाई पाहिलेला हा सहा फुटी गडी तबकडीवर काटा टेकवताना मात्र श्वास धरून बसायचा.

आणि सायकलची घंटा! ती वाजली की हवालदार खुर्चीतून चार बोटं उडायचे. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "भिऊ नका मास्तर, मी हाय." मी भ्यालेलो असायचोच, खोटं कशाला बोलू? पेठेतल्या सात घरांतली पोरं लढाईवर होती आणि तारवाला सायकलवरून यायचा. त्या वर्षात पेठेत दोन तारा आल्या होत्या. दोन्ही घरांतून जे रडणं उठलं, ते अजून माझ्या कानांत आहे. तेव्हापासून गल्लीत घंटा वाजली की बाया भराभर दारं लावून घ्यायच्या. दार लावलं म्हणजे तार दुसरीकडे जाते की काय, कोण जाणे. पण लावायच्या.

सदूचं पत्र दिवाळीपासून नव्हतं. हवालदार रोज सकाळी नाक्यावर जाऊन उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "हवा खातोय." हवा कसली खातायत? तारवाल्याला नाक्यावरच गाठायचं, सूनबाईच्या दारात घंटा वाजू द्यायची नाही, एवढंच होतं त्यात. सगळी पेठ हे जाणून होती आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं.

उन्हाळा लागला तसं हवालदारांचं एक नवीनच सुरू झालं. तबकडी वाजत असताना तिचं रिकामं पाकीट ते मांडीखाली दाबून बसायला लागले. हात लावू देईनात. चहा घेताना एका हातात बशी आणि दुसरा हात पाकिटावर. सनई संपली की लगेच उठायचे. दाराशी जाऊन थबकायचे, "मास्तर..." म्हणायचे, आणि मी "काय हो?" म्हटलं की, "काय न्हाई. काटं संपत आल्याती." मीही असा गाढव, की मला वाटलं, म्हातारपणी माणूस जरा चक्रम व्हायचाच.

एका रविवारी काशिनाथाच्या अंगात आलं. सनई ऐन रंगात आली होती, हवालदार काटा बघायला वाकले, आणि यानं खुर्चीवरचं पाकीट झपकन उचललं. "बघू तरी, काय सोन्याचं आहे यात!" म्हणून उलटं करून झटकलं.

खाली पडलं तारेचं पाकीट. न फोडलेलं.

सनई संपली. काटा मधल्या कोऱ्या जागेवर खर्र खर्र फिरत राहिला आणि तो उचलायचं भान कुणाला राहिलं नाही. काशिनाथाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"कधीची?" मी कसंबसं विचारलं.

"पाच आयतवार झालं." हवालदार जमिनीकडे बघत होते. "इंग्रजी हाय, मला येतंय कुठं? दर आयतवारी तुमच्याकडनं वाचून घ्यायला आनतो. हितं येस्तवर ठरल्यालं आसतंय. मग सनई लागती. म्हनतो, ही संपली की इचारू. ती संपती, आनि त्वांडच उघडत न्हाई."

"अहो, पण हवालदार..."

"फोडली न्हाई तवर पोरगं जित्तं हाय, मास्तर."

ती तार मी फोडली. चार ओळी होत्या. पहिल्यांदा एक अक्षर कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. मग ओरडलोच.

"जिवंत आहे! हवालदार, सदू जिवंत आहे! उजव्या हाताला जखम झालीय, जिवाला धोका नाही. पुण्याला आणलाय, लष्करी इस्पितळात. नातेवाइकांनी भेटायला यावं म्हणतायत!"

काशिनाथ रडायलाच लागला. मला वाटलं, हवालदार आता उडी मारतील. ते हलले नाहीत. मी काय बोललो ते त्यांच्या डोक्यात हळूहळू उतरत असावं.

"पुन्यात?" ते म्हणाले. "पाच आयतवार?" आणि त्यांनी मूठ वळून आपल्या कपाळावर मारली. पुन्हा मारली. आम्ही दोघांनी तो हात धरला तेव्हा थांबले. "लेकरू दाराकडं बघत पडलं आसंल की वो!"

सूनबाईला सांगायला मी बरोबर गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि भाकरी थापायला लागली. थोड्या वेळानं चुलीपाशी हुंदका ऐकू आला. तो आनंदाचा होता की रागाचा, मी विचारायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या सर्व्हिस मोटारीनं हवालदार, सूनबाई आणि मी असे तिघं पुण्याला निघालो. खंबाटकीच्या घाटात मोटारीनं दम टाकला, तशी उतारू मंडळी खाली उतरून चालायला लागली. चालता चालता मी हवालदारांना बाजूला घेऊन म्हटलं, "तार कालच मिळाली म्हणून सांगा. लढाईचा गोंधळ आहे, कुणालाही पटेल." त्यांनी मान हलवली. मागून येणाऱ्या सूनबाईनंही ऐकलं असावं, पण ती पदर सावरत चालत राहिली.

सदू खाटेवर बसला होता. वाळून काटकी झालेला. एवढ्या उकाड्यात उजव्या अंगावरून कांबळं गळ्यापर्यंत ओढलेलं. आम्हाला बघून त्यानं ते डाव्या हातानं घट्ट धरलं.

"आबा, तार उशिरा गावली व्हय?"

मी हवालदारांकडे पाहिलं. ते ताठ उभे होते, अटेन्शनमध्ये.

"न्हाई रं," ते म्हणाले. "येळेवर गावली. म्याच वाचून घ्येतली न्हाई. लय भ्यालो."

आख्ख्या वॉर्डात पलटणीतली माणसं होती. काहींनी माना वळवून पाहिलं. बापाच्या तोंडून ही गोष्ट सदूनं जन्मात ऐकली नसणार. तो बघतच राहिला, आणि मग त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा वाकडा झाला.

"मी बी," तो म्हणाला. "दुसरी तार धाडू का, म्हनून नर्सबाई रोज इचारत हुती. मीच नगं म्हनलं. म्हनलं, बघितल्यावर ही मानसं काय म्हनत्याली?"

त्यानं कांबळं बाजूला केलं. कोपराच्या खाली हात नव्हता.

हवालदार खाटेच्या कडेवर बसले. त्यांनी तो पट्ट्या बांधलेला कोपर आपल्या मांडीवर घेतला आणि पट्टीवरून बोटं फिरवत राहिले. मागे उभ्या असलेल्या सूनबाईनं बराच वेळ वाट पाहिली. मग डोक्यावरचा पदर नीट करून, सासऱ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली,

"सरा वाईच, मामंजी. मला बी बघू द्या की."