पंच्याहत्तर किलो चारशे ग्रॅम

दर रविवारी सकाळी आठ वाजता वजनमापे निरीक्षक न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहत आणि त्यांची बायको वहीत आकडा लिहीत असे. त्या रविवारी काटा पंच्याहत्तर किलो चारशे ग्रॅमवर थांबला. बायकोने आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि वही मिटली.

"छान. आता गाडीचं बोलू."

निरीक्षक काट्यावरून उतरलेच नाहीत. "गाडीचं काय?"

"विकायची."

गाडी चोवीस वर्षांची होती. लाल, दोन दारांची, आणि तरुणपणी शर्यतीत भाग घेणाऱ्यांनी घ्यावी अशी. लग्नाच्या आधीपासून ती निरीक्षकांकडे होती, त्यामुळे घरात सेवाज्येष्ठता तिची, असं त्यांनी बायकोला एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं नव्हतं. बायको स्वतः रुग्णवाहिका चालवत असे, सोळा वर्षांत तिच्या गाडीत एकाही पेशंटची सलाइनची सुई हलली नव्हती. पण लाल गाडीचं स्टिअरिंग निरीक्षकांनी तिच्या हाती कधी दिलं नाही. "जुनी गाडी आहे, तिला समजून घ्यावं लागतं," असं ते म्हणत.

गाडीचं इंजिन अजून ठणठणीत होतं. दुखणं होतं ते खाली, चाकांपाशी. स्प्रिंगा सैल पडल्या होत्या, धक्के खाणारे शॉकअप तेल गाळत होते. सरळ रस्त्यावर गाडी झकास जाई, वळण आलं की अंग एकीकडे आणि चाकं दुसरीकडे जायची. निरीक्षकांच्या सासूबाई दर महिन्याला याच गाडीतून घाटापलीकडे थोरल्या लेकीकडे जात. घाटात चौदा वळणं होती. सासूबाई प्रवासात स्वेटर विणत, आणि आदल्याच दिवशी नवव्या वळणावर त्यांनी सुया खाली ठेवून डोळे मिटले होते.

"जावईबापू, त्यापेक्षा मला होडीत बसवा," त्या म्हणाल्या होत्या. "निदान पोहायच्या तयारीनं बसेन."

"मामेभावाला मी विचारलंय," बायको आता म्हणाली. "तो घ्यायला तयार आहे."

निरीक्षक आता काट्यावरून उतरले. मामेभावाने आधीच्या गाडीच्या टपावर शिडी बांधली होती. "अगं, सस्पेन्शन बदलतो ना! गॅरेजवाले उस्ताद आहेत. नवे शॉकअप, कडक स्प्रिंगा, दोन बोटं खाली बसवतील गाडी. मग वळणावर हलली तर नाव बदलेन."

बायकोने विचार केला. "चार आठवडे. पुढच्या खेपेला आई विणत बसेल. घाटात तिचा एक जरी टाका सुटला, तर सोमवारी गाडी मामेभावाच्या दारात."

"एक टाका?" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "मी मोजून सांगेन हो."

आता त्या काट्याबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी निरीक्षकांचा आकडा ब्याण्णव काढला होता आणि बायकोने घरी काटा, वही आणि उकडलेल्या भाज्या आणल्या होत्या. भाज्या निरीक्षक घरी खात, बाकीचं कचेरीसमोरच्या कँटीनमध्ये. तिसऱ्या महिन्यातही आकडा हलेना, तेव्हा त्यांनी काटा उघडला आणि आतली स्प्रिंग बदलून थोडी कडक घातली. कडक स्प्रिंग कमी दबते, कमी दबली की आकडा कमी येतो. पुढे वर्षभरात आणखी तीन बदलल्या. वजन कसं हळूहळू उतरलं पाहिजे. असले उद्योग करणाऱ्या अकरा दुकानदारांवर त्यांनी आजवर खटले भरले होते, आणि अकराही जणांच्या कामात त्यांना घाई दिसली होती.

दोन दिवसांनी उस्तादांचा फोन आला. निरीक्षक चहा गाळत होते, म्हणून बायकोने फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला. उस्ताद कमी बोलत आणि काम सुईत दोरा ओवल्यासारखं करत. गॅरेजच्या फळीवर त्यांनी 'समतोल' एवढंच लिहिलं होतं.

"साहेब, चारी चाकांखाली माझे चार काटे ठेवतो आणि प्रत्येक कोपरा मोजून स्प्रिंग वरखाली करतो. चालवणाऱ्याच्या सीटवर तुमच्याइतकं वजन लागेल. तेवढी वाळू ठेवतो. तुमचं वजन किती?"

निरीक्षकांनी गाळणं हातात तसंच धरलं.

"पंच्याहत्तर किलो चारशे," बायकोने वही उघडून सांगितलं. तिच्या आवाजात अभिमान होता. "दोन वर्षांपूर्वी ब्याण्णव होतं!"

"वा! साहेब, बरोबर ना?"

बायको त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती, असं नंतर त्यांच्या लक्षात आलं.

"बरोबर," निरीक्षक म्हणाले.

"मग काय, वजनमापवाल्यांनी सांगितलेलं वजन. त्यात मी काय तपासायचं?" उस्तादांनी फोन ठेवला.

खरं वजन चौऱ्याण्णव किलो तीनशे ग्रॅम होतं. पण टनभर गाडीत एकोणीस किलोंनी काय होतं, अशी निरीक्षकांनी स्वतःची समजूत घातली. दुकानदारही हेच म्हणत.

गाडी आली तेव्हा ती पाहून निरीक्षकांना भरून आलं. ती जमिनीला टेकल्यासारखी बसली होती. टायर आणि मडगार्ड यांच्यात एक बोट जाईल एवढीच फट होती. ते आत बसले, फाटकातून बाहेर पडले आणि पहिल्याच वळणावर डावीकडे वळले.

खर्रर्र.

उजवं पुढचं चाक मडगार्डला घासत होतं. उजवीकडे वळले, आवाज नाही. डावीकडे वळले, खर्रर्र. घाटात डावीकडची आठ वळणं आहेत, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी गाडी तशीच गॅरेजकडे घेतली, तीही शक्य तितकी उजवीकडे वळत, म्हणून दहा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागली.

उस्तादांनी गाडी स्वतः चालवून पाहिली. उस्ताद अंगाने काडी होते. गाडी डावीकडे, उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे निमूटपणे वळली.

"साहेब, काहीच नाही."

निरीक्षक बसले. खर्रर्र.

"तुमचा हात जड आहे का?" उस्तादांनी विचारलं.

"असेल," निरीक्षक म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात उस्तादांनी चाकांचे कोन पुन्हा लावले. गाडी वाळूच्या पिशव्यांखाली सरळ आणि साहेबांखाली तिरकी. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळे रबरी बुश बदलले, मग गॅरेजची फरशी तपासली, तीत दोन मिलिमीटरचा उतार निघाला आणि त्यांनी अर्धी फरशी उखडून नवी घातली. फरशी आरशासारखी झाली. गाडी घासतच राहिली. उस्तादांनी जेवण कमी केलं. निरीक्षकांनीही कँटीन सोडून पाहिलं, पण सहा दिवसांत उतरलं ते दोनशे ग्रॅम, आणि तेवढं सातव्या दिवशी परत आलं.

त्यांना हे सगळं एका वाक्यात थांबवता आलं असतं. ते वाक्य त्यांनी रोज आंघोळ करताना म्हणून पाहिलं. बाहेर आल्यावर बायको टॉवेल देई आणि म्हणे, "काही म्हणालात?"

"नाही."

घाटातल्या खेपेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, उस्तादांचा निरोप आला : ताबडतोब या, घरच्यांनाही आणा, सरकारी वजनं घेऊन या. निरीक्षक वजनांची लाकडी पेटी घेऊन निघाले. बायको आणि सासूबाई मागे होत्या. सासूबाईंनी सुया बरोबर घेतल्या होत्या.

गाडी चार काट्यांवर उभी होती. सीटवर वाळूच्या पिशव्या पट्टा बांधून बसल्या होत्या. 'समतोल' लिहिलेली फळी उस्तादांनी खाली उतरवून भिंतीला उलटी टेकवली होती.

"साहेब, मी सगळं तपासलं," ते म्हणाले. "राहिले फक्त काटे. तीस वर्षं मी यांच्यावर भरवसा ठेवला. दोष यांच्यातच असणार, दुसरं काही उरलंच नाही. तुम्ही तपासा आणि लेखी द्या. खोटे निघाले तर सील ठोका. मी हे काम बंद करतो, पंक्चर काढत बसेन."

उस्तादांनी जॅक लावून गाडी काट्यांवरून उचलली आणि निरीक्षकांनी पेटी उघडली. वीस किलोचं वजन एकेका काट्यावर ठेवलं, मग दोन ठेवली, मग कोपऱ्यावर सरकवली. त्यांना मनापासून वाटत होतं की एखादा तरी काटा पन्नास ग्रॅम चुकावा. एकही चुकला नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतके खरे काटे त्यांनी पाहिले नव्हते. उस्तादांनी गाडी पुन्हा काट्यांवर उतरवली.

अहवालाचं पुस्तक गुडघ्यावर होतं. एकच शब्द लिहायचा होता. 'सदोष' लिहिलं असतं तर गुपित राहिलं असतं, कदाचित गाडीही राहिली असती. दोष काट्यांचा म्हटल्यावर बायकोने मुदत वाढवून दिली असती. उस्ताद पंक्चर काढत बसले असते. उस्ताद हात मागे बांधून उभे होते, निकालाला उभं राहतात तसे. निरीक्षकांना स्वतःची लाज वाटली, आणि चांगलीच वाटली.

"काटे निर्दोष आहेत," त्यांनी लिहिता लिहिता वाचून दाखवलं. "गाडी निर्दोष आहे. फरशीही निर्दोष आहे. दोष..." इथे पेन थांबलं. "दोष भारात आहे."

"म्हणजे?" उस्ताद म्हणाले.

निरीक्षकांनी वाळूच्या पिशव्या एकेक करून उतरवल्या, कोट नीट केला आणि स्वतः सीटवर बसले. उजव्या बाजूने गाडी हलकेच वाकली. चार काट्यांवरचे आकडे हलले आणि थांबले. उस्तादांनी खडूने फरशीवर बेरीज केली, वजाबाकी केली आणि ती पुन्हा एकदा पडताळली.

"साहेब, अठरा किलो नऊशे जास्त."

सासूबाईंच्या सुया चालू होत्या.

"म्हणजे चौऱ्याण्णव तीनशे," बायको म्हणाली. तिने पर्समधून वही काढली आणि मागचं पान उघडलं. तिथे दुसरा तक्ता होता, त्याच तारखांचा. शेवटचा आकडा चौऱ्याण्णव होता. "तीनशे ग्रॅमचा फरक पडला माझा."

"तुला माहीत होतं?"

"आईची पाच किलो लोकर आपल्या काट्यावर चार भरली. मी दुकानदाराशी भांडायला गेले. त्यानं माझ्यासमोर मोजून दाखवली, पाच किलो. काट्यावर शिक्का कुणाचा होता, सांगू?"

निरीक्षकांनी सांगू नको असं मानेनं सुचवलं.

"तुमचा. सहा महिने झाले त्याला. तेव्हापासून दर आकडा सव्वापट करून मागे लिहिते. मी आपली वाट बघत होते. म्हटलं, सव्वीस वर्षांत एकही खोटा अहवाल न दिलेला माणूस, कधीतरी बोलेलच की."

"मी तर जावईबापूंचा स्वेटर पहिल्यापासून मोठाच घातलाय विणायला," सासूबाई म्हणाल्या. "माणूस समोर दिसत असताना काटा कशाला बघायचा?"

उस्ताद भिंतीपाशी गेले, फळी सुलटी केली आणि बाहीने पुसली. ते रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांनी रक्त आलं होतं. "दोन तास द्या साहेब. चौऱ्याण्णव तीनशेला लावून देतो. उद्या घाटात मुंगीसुद्धा हलणार नाही."

"थांबा," बायको म्हणाली. "काही बदलू नका. गाडी पंच्याहत्तर चारशेलाच राहू दे."

"अगं, मग चालवणार कोण?"

बायकोने किल्लीसाठी हात पुढे केला.

"वहिनी, तुमचं वजन..." उस्तादांनी विचारायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. या वेळी त्यांनी विचारलं नाही, मोजलं. बासष्ट भरलं. तेरा किलो चारशेची एक पिशवी त्यांनी तिच्या सीटखाली घट्ट बांधून दिली. निरीक्षकांनी मागच्या सीटकडे आशेने पाहिलं, पण उस्तादांनी मान हलवली. "आजी हलक्या आहेत, मागे मधोमध बसतील. तुम्ही कुठंही बसलात तरी एक चाक घासणारच, साहेब."

रविवारी सकाळी निरीक्षक बसने निघाले. बस घाटात डुलत होती, लोक एकमेकांवर कलत होते. तिसऱ्या वळणावर मागून ओळखीचा आवाज आला आणि त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. लाल गाडी बसला ओलांडून गेली. पुढच्या डाव्या वळणात ती शिरली आणि रेघ मारल्यासारखी बाहेर पडली. ना झुकली, ना घासली. चोवीस वर्षांत निरीक्षकांनी आपली गाडी वळताना बाहेरून कधी पाहिलीच नव्हती. त्यांचा ऊर भरून आला. मग ती दिसेनाशी झाली, आणि शेजारच्या प्रवाशाने त्यांना मान आत घ्यायला सांगितलं.

ते पोहोचले तेव्हा सगळ्यांचा दुसरा चहा चालला होता.

"एकही नाही," सासूबाईंनी स्वेटर उंच धरून दाखवला. "उलट एक बाही पुरी झाली."

निरीक्षकांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे विकायची नाही ना?"

"विकायची?" बायको किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाली. "माझी गाडी मी कशाला विकू?"

घरी परतल्यावर निरीक्षकांनी न्हाणीघरातला काटा उघडला. मूळची स्प्रिंग त्यांनी जपून ठेवली होती, कागदात गुंडाळून, वर तारीख घालून, कचेरीतली सवय. ती परत बसवली, काटा बंद केला, त्यावर आपला शिक्का मारला आणि उभे राहिले. चौऱ्याण्णव किलो तीनशे ग्रॅम. त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत आकडा लिहिला आणि पुढे, बायको लिहीत असे तिथे, शेरा लिहिला : 'स्टिअरिंगपर्यंत अठरा किलो नऊशे.'

दुसऱ्या दिवशी ते कचेरीला जायला बसच्या थांब्याकडे चालत निघाले. थांबा अगदी जवळ होता, म्हणून ते पुढच्या थांब्यापर्यंत गेले.