सूनबाईंच्या भट्टीची नोंदवही

सूनबाईंची भट्टी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा फुटली, तेव्हा सासरे हॉलमध्ये पंख्याचं पातं पुसत होते. आतल्या खोलीतून धडाम असा आवाज आला, तसे ते फडकं हातात घेऊनच आत गेले.

भट्टी खेळातली होती. संगणकावरच्या या खेळात ठोकळ्यावर ठोकळा रचून गाव वसवायचं असतं, जिंकणं-हरणं नाही. हौशी मंडळी त्याला पदरचे नवे भाग जोडतात, त्याला मॉड म्हणतात. अशाच एका मॉडमधली फ्यूजनची भट्टी, म्हणजे सूर्याच्या पोटात चालतं ते काम एका खोलीत करणारं यंत्र, सुधारायचं सूनबाईंनी अंगावर घेतलं होतं. जुनी भट्टी एक बटण दाबलं की चालतच राहायची, म्हणून खेळणारे कंटाळले होते. सूनबाईंची भट्टी खऱ्यासारखी तापायची, म्हणून फुटायची, आणि जाताना दोनशे जणांचं गाव सोबत न्यायची. मॉडच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत. त्याने निरोप धाडला होता: रविवारी पाच ते आठ चालवून दाखवा, या वेळी फुटली तर जुनी परत बसवू. सूनबाईंच्या चार महिन्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या.

सासऱ्यांनी साबणाच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तिच्यापाशी बसतं कोण?"

"कोणी नाही, बाबा. आपली आपण चालते."

"मग फुटेल नाही तर काय करेल. भट्टीला माणूस लागतो, आणि माणसासमोर नोंदवही. दर पाव तासाने काटा बघायचा, आकडा लिहायचा."

सूनबाईंना ते एकदम पटलं. खेळात नेमकी हीच गंमत नव्हती. चार दिवसांत त्यांनी झडपा बसवल्या, काटा बसवला आणि पडद्यावर नोंदवही उघडली. नोंद चुकली की घंटा वाजणार. रविवारी वहीवर बसायचा मान सासऱ्यांना मिळाला.

"गॅस बंद करायला विसरता," सासूबाई म्हणाल्या, "आणि आता सूर्य सांभाळणार."

रविवारी सूनबाई आतल्या खोलीत, कानाला हेडफोन लावून खेळातल्या गावात फिरू लागल्या. हॉलमध्ये जुन्या संगणकापुढे सासरे धुतलेला शर्ट घालून बसले. सव्वापाचला त्यांनी दीडशे लिहिलं; काटा दहा-दहा लाखांत मोजायचा, म्हणजे पंधरा कोटी अंश. साडेपाचला एकशे एक्कावन्न. मग स्वयंपाकघरातून चहाचा वास आला, आणि तीस वर्षांची सवय असलेल्या हाताने आपलं काम केलं. आठ वाजेपर्यंतचे सगळे आकडे त्यांनी एका दमात भरून टाकले. कुठे एकशे एकोणपन्नास, कुठे एकशे बावन्न. सगळे सारखे दिसले तर तपासनिसाला संशय येतो. मग चहा घेतला आणि खाली शेजाऱ्याची स्कूटर का सुरू होत नाही ते बघायला गेले.

इकडे सूनबाईंच्या हातून घाईत एक चूक झाली होती. वहीने काट्यावर लक्ष ठेवायचं, त्याऐवजी काटाच वहीकडे बघून हलायला लागला होता. वहीत शेवटी जो आकडा, तेवढीच भट्टी गरम. त्यामुळे ती जागची हलेना. गावातले दिवे लखलखले. इतकी गुणी भट्टी आजवर पाहिली नाही, असं कप्तानाने कळवलं.

साडेसहाच्या सुमाराला सासूबाईंना बहिणीचा फोन आला. चांगला प्लंबर सापडला होता, नंबर लिहून घे म्हणाली. हॉलमध्ये पेन सापडेना. पडद्यावर मात्र एक वही उघडी होती, आणि खाली एक ओळ कोरी होती.

"सांग," सासूबाई म्हणाल्या, आणि दहाच्या दहा आकडे एका बोटाने टिपून बटण दाबलं.

एवढा मोठा आकडा काट्याला पेलला नाही. सगळे नऊ संपल्यावर जुना मीटर जसा फिरून शून्यावर येतो, तसा तो फिरला, आणि शून्यावरही न थांबता खाली गेला. भट्टी फुटली नाही. गोठली. आणि साऱ्या गावावर बर्फ पडायला लागला.

सूनबाई धावत हॉलमध्ये आल्या. "आई, हा आकडा कोणी लिहिला?"

"मी. प्लंबरचा आहे. का, लागत नाहीये?"

सूनबाईंनी वही वर सरकवली. घड्याळात पावणेसात वाजत होते आणि वहीत आठ. तेवढ्यात सासरे हाताचं ग्रीस पुसत वर आले.

"बाबा, आठ वाजता दीडशे?"

"अनुभवाने अंदाज येतो गं."

सासूबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, नोंदवहीत एकही खाडाखोड नाही म्हणून कारखान्याने तुमचा सत्कार केला होता ना?"

सासरे बोटांच्या बेचक्या फार मन लावून पुसू लागले. "खाडाखोड नव्हतीच," ते म्हणाले.

सूनबाईंनी कप्तानाला सगळं खरंखरं लिहून पाठवलं. उलटी जोडणी, आगाऊ नोंदी, प्लंबर, काही झाकून ठेवलं नाही. आणि नखं कुरतडत बसल्या. पडद्यावर गावकरी छपरांवरून घसरत होते, कोणी बर्फाचा हत्ती करत होतं, आणि जो तो विचारत होता की पुन्हा कधी.

उत्तर वीस मिनिटांनी आलं. "ताई, फुटली तर काढायची असं ठरलं होतं. गोठली तर काय, ते ठरलं नव्हतं. भट्टी राहू दे. जोडणी सरळ करून पुढच्या रविवारी परत चालवा. फक्त वहीवर प्लंबरवाल्या आईंना बसवा, गावाचा आग्रह आहे."

पुढच्या रविवारी सासूबाई चष्मा लावून वहीपुढे बसल्या. सासऱ्यांना काट्यापाशी उभं केलं होतं. सव्वापाच झाले.

"दीडशे," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी बोट उचललं नाही. "बघितलंत?"

सासऱ्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पडद्याशी वाकले.

"एकशे त्रेचाळीस," ते म्हणाले, जरा नवलानेच.