सीगल चालेल का?

गुणाजींच्या पिंडाला कावळा शिवेना, आणि सगळ्यात आधी जीव कासावीस झाला तो भटजींचा. त्यांना इथलं उरकून गोरेगावला आणखी एक दहावं गाठायचं होतं.

चारकोपच्या मागे खाडीला लागून सिमेंटचा एक ओटा आहे. त्यावर केळीच्या पानात पिंड मांडलेला. बाजूला गुणाजींना आवडायचा तसा कडक चहा, विड्यांचं बंडल आणि कांदाभजी. समोर घरचे उभे. जानेवारीतली सकाळ. मुंबईची ती काय थंडी म्हणा, पण नुकतंच भादरलेलं डोकं घेऊन खाडीच्या वाऱ्यात उभं राहिलं की कळते. धाकटा मिथुन कुडकुडत होता. थोरल्या सुबोधला थंडी कळायचं कारण नव्हतं. त्याला ऑफिसात बाहेरगावच्या साहेबांसमोर उभं राहायचं होतं, म्हणून त्याने भटजींना गळ घालून मागच्या चार केसांवर भागवलं होतं. बाप गेला तरी भांग शाबूत!

त्यांची आई, विमलाबाई, कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. बाईमाणसाने इथे येऊ नये, असं गावाहून आलेले त्यांचे दीर दादूकाका म्हणत होते. पण "जन्मभर त्यांना वाढलं मी, शेवटचं वाढलेलंही मीच बघणार," असं म्हणून त्या रिक्षात बसल्याच. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता. पिंडापुढचा चहा गार झाला म्हणून मिथुनने टपरीवरून दुसरा आणला, तोही गार झाला म्हणून आणखी एक आणला. बाईला कुणी विचारलं नाही. गेलेल्या माणसाचा चहा गरम पाहिजे. जिवंत बाईचं काय, तिला सवय असते.

"कावळे गेले कुठे सगळे?" सुबोधची बायको श्वेता म्हणाली. "एरवी आमच्या मुलुंडला खिडकीत नुसता उच्छाद असतो."

"दर्भाचा कावळा करून लावू का?" भटजींनी पिशवीत हात घातला. "शास्त्रात सोय आहे."

"काय्येक नको!" दादूकाका कडाडले. "माझो भाव काय गवताच्या कावळ्यान जातलो? तेची इच्छा रवली हा कायतरी. पोरांनू, बोला. आणि आयका, जेच्या बोलण्याक कावळो शिवतलो, तेचा बोलणा सगळ्यांनी पाळूक व्हया. सगळ्यांदेखत सांगतंय."

आता गुणाजींची इच्छा काय राहिली होती, हे तिथल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. चारकोपची खोली. गिरणी बंद पडल्यावर लोकांच्या गेटवर वॉचमन म्हणून रात्री काढून गुणाजींनी ती टिकवली होती, आणि विमलाबाईंनी पोळ्या लाटून. त्या खोलीत, सुतक चालू असताना, आमटी ढवळता ढवळता विमलाबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. खोली विकून टाकायची. आई सहा महिने सुबोधकडे मुलुंडला, सहा महिने मिथुनकडे गोरेगावला. पावसाळ्यात ती कुणाकडे, यावर दोघा भावांची जुंपली होती, कारण पावसाळ्यात तिचे गुडघे धरतात. विमलाबाईंनी आमटीत मीठ दोनदा घातलं, आणि कुणीही काही बोललं नाही.

सुबोधने घसा खाकरला. "बाबा, आम्ही सगळे मजेत आहोत. तुम्ही काही काळजी करू नका."

आभाळ रिकामं.

"ह्यां पोस्टकार्ड कित्याक लिवतंस?" दादूकाका म्हणाले. "मनातला बोल."

"बाबा तुझ्यावरच रागावलेत," मिथुन म्हणाला. "केस बघ तुझे."

"मिथुन, यार, इथे नको."

"मग कुठे? डोकं माझं गारठलंय."

मग मिथुनलाच आठवलं की बाबा थंडीत रोज इथे येऊन सीगलना गाठिया टाकायचे. लगेच गाठिया आला, पिंडाशेजारी मांडला गेला, आणि खरोखरच वरून काहीतरी पांढरंशुभ्र झेपावलं. "बाबा आले!" श्वेता किंचाळली. सीगलने गाठिया खाल्ला, दोन भजी उचलली आणि पिंडावर पाय देऊन उडून गेला.

"शिवला ना, भटजी?" सुबोधने आशेने विचारलं. "सीगल चालेल का?"

"नाही हो. शास्त्रात सीगल नाही."

"पण पक्षीच ना तो?"

"मग काय उद्या कोंबडी आणून सोडाल?" भटजी भडकले. त्यांनी घड्याळ बघितलं. "खोलीचं काय ते बोलून टाका एकदाचं. सगळीकडे तेच असतं."

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. मग सुबोधने हात जोडले. "बाबा, खोली विकणार नाही."

कावळा नाही.

"खोली आईच्याच नावावर राहील," मिथुनने पुढची पायरी गाठली. त्याला घरी जाऊन कानटोपी घालायची होती.

कावळा नाही.

"तिच्या औषधपाण्याचं मी बघीन," सुबोध म्हणाला.

"मी दर रविवारी येईन!"

"मी शनिवारीच येऊन राहीन!"

"आई आमच्याकडे आल्या तर आतली बेडरूम त्यांची," श्वेता म्हणाली, आणि नवऱ्याने डोळे वटारले तशी, "मग? कावळा नको का यायला?"

विमलाबाई चकित होऊन ऐकत होत्या. पोरांच्या तोंडून एवढं गोड त्यांनी सुबोधच्या लग्नातही ऐकलं नव्हतं. गुडघ्यांचं ऑपरेशन कबूल झालं, कुणकेश्वरची जत्रा कबूल झाली. आणि त्यांच्या मनात एक भलतंच पाप आलं. कावळ्या, येऊ नकोस रे इतक्यात. थांब जरा. अजून गॅसची शेगडी बदलायची राहिली आहे. नवऱ्याचा जीव अडकलाय आणि आपण हे काय मागतोय, असं वाटून त्यांनी गालावर हात मारून घेतले. पण मागणं काही परत घेतलं नाही.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडून एकच गलका उठला. "आई शप्पथ! झकास!" आणि चक्क टाळ्या. तिकडे दुर्बिणी आणि लांबलचक कॅमेरे घेतलेली माणसं उभी होती. दादूकाका संतापले. "कोण रे ते? हंय माणूस मेलो हा आणि टाळये कसले वाजयतत?"

त्यांच्यातली एक बाई लगबगीने आली. गळ्यात दुर्बीण, पायात गमबूट, खांद्याला थर्मास. संघमित्रा तिचं नाव. बँकेत ऑफिसर, राहायला पलीकडच्या सेक्टरमध्ये. "सॉरी हां, आम्हाला कळलंच नाही इथे कार्य चाललंय," ती म्हणाली, आणि तिची नजर पिंडामागच्या फोटोवर गेली. "अरे देवा. गाठियावाले काका? कधी गेले?"

"तुम्ही ओळखता यांना?" विमलाबाईंनी विचारलं.

"रोज भांडायचो आम्ही. मी म्हणायची, काका, पक्ष्यांना फरसाण नका घालू, पोटं बिघडतात त्यांची. ते म्हणायचे, माझं नाही बिघडलं ते." तिने डोळे पुसले. मग ताटकळलेली माणसं आणि पिंड बघून तिच्या लक्षात आलं. "कावळ्याची वाट बघताय का? अहो, ते सगळे तिकडे आहेत. तो खांब बघा."

तिने दुर्बीण दादूकाकांच्या डोळ्यांना लावली. दूर खाजणात विजेच्या खांबावर एक मोठा, पांढऱ्या छातीचा शिकारी पक्षी बसला होता. पंजात चांगला हातभर मासा. आणि त्याच्या भोवती, वर, खाली, तारांवर, चारकोपचे झाडून सगळे कावळे.

"ऑस्प्रे म्हणतात त्याला. मासे मारणारी घारच समजा. थंडीपुरती येते इथे, पार हिमालयाकडून. आज मोठा मासा मिळालाय तिला, म्हणून कावळे हटत नाहीयेत."

दादूकाका बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. मग समजूतदारपणे म्हणाले, "बरोबर हा. माशे सोडून भात खावक कोण येतलो?"

सुबोधचा चेहरा असा खुलला की बापाचं दहावं आहे हे क्षणभर कुणालाही वाटलं नसतं. "म्हणजे बाबांचा काही संबंधच नाही! बाबा नाराज नाहीतच. घार आहे ती."

"वाटलंच मला," मिथुन म्हणाला. "आणि दर रविवारचं मी आपलं असंच बोललो. मला रविवारी ड्यूटी असते ना."

"बेडरूमचं मीही ओघात म्हटलं," श्वेता म्हणाली. "तिथे आमच्या केयूरचा अभ्यास असतो."

"भावनेच्या भरात माणूस बोलून जातो," सुबोधने समारोप केला. "खोलीचं नंतर शांतपणे, व्यवहाराने बघू. आईला एकटीला ठेवणं प्रॅक्टिकल नाही."

विमलाबाईंना रडू आलं नाही. चीड आली. अशी चीड की खुर्चीचे हात आवळून धरले त्यांनी. एका घारीने पोरांची माया आणली होती आणि त्याच घारीने ती परत नेली. वर ही पोरं त्यांच्याच पोटची. तोंड कोरडं पडलं होतं, डोकं चढलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

तिकडे घारीलाही गर्दीचा कंटाळा आला असावा. ती मासा घेऊन उडाली आणि खाडीपलीकडे दिसेनाशी झाली. रिकाम्या पोटी कावळे परतले. त्यातला एक थेट ओट्यावर उतरला, त्याने मान वाकडी करून सगळ्यांकडे बघितलं आणि पिंडात चोच खुपसली.

"शिवलो! शिवलो!" दादूकाकांनी हात जोडले.

"आणि कधी शिवला, ते बघितलंत ना काका?" सुबोध म्हणाला. "मी 'व्यवहाराने बघू' म्हटलं, आणि शिवला. बाबांना पटलं. तुमचाच नियम आहे. आता विषय संपला."

दादूकाकांनी भटजींकडे बघितलं. नियम त्यांचाच होता.

"संपला," विमलाबाई खुर्चीतून उठल्या. "पण तो तुझ्या बोलण्यावर नाही शिवला रे. मी बोलले त्यांच्याशी. मनात. तुझं बोलून झाल्यावर."

"वैनी, तुमी काय म्हटलास?" दादूकाकांनी हळूच विचारलं.

"म्हटलं, अहो, मी काही कुणाकडे जायची नाही. माझी खोली, माझी किल्ली. तुम्ही निवांत जा. एवढं म्हणते तोवर आलाच की."

"मनातलं कसं धरायचं?" श्वेता म्हणाली.

"ज्याला कळायचं त्याला कळलं."

"बायलेचा आयकान इलो तो!" दादूकाकांचा आवाज चढला. "आता कोणी खोलयेचा नाव काढलां तर माझ्याशी गाठ हा."

"शास्त्राला धरूनच आहे," भटजी पिशवी आवळत म्हणाले. गोरेगावसाठी ते कशालाही हो म्हणाले असते.

सुबोध आईजवळ आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ठीक आहे. राहा एकटी. मग काही झालं तर मला फोन करू नकोस."

"नाही करणार," विमलाबाई म्हणाल्या.

सुबोधच्या गाडीत भांडी ठेवली, काका बसले, श्वेता बसली, आणि आईपुरती जागा उरली नाही. मिथुन रिक्षा बघायला नाक्यावर गेला. ओट्याजवळ विमलाबाई आणि संघमित्रा दोघीच राहिल्या. कावळ्यांनी पिंडाचा फडशा पाडला होता.

संघमित्राने थर्मासचं झाकण फिरवलं. "काकू, चहा घेता?"

विमलाबाईंनी चहाचं भरलेलं झाकण दोन्ही हातांनी घेतलं आणि एका दमात अर्धं संपवलं.

"खरंच तसं म्हणालात मनात?" संघमित्राने विचारलं.

विमलाबाईंनी गाडी गेलेल्या रस्त्याकडे पाहून घेतलं. "छे गं. खोलीबिली कुठली सुचतेय. म्हटलं, अहो, या ना आता लवकर, सकाळपासून मला कुणी चहासुद्धा विचारला नाही."

संघमित्राला हसू फुटलं. विमलाबाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"जिवंतपणी एका हाकेत कधी आले नाहीत गं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी झाकण पुढे केलं. "आहे का अजून थोडा?"