हिराजी आणि त्याची बी कावीळ

आमच्या शेजारचा हिराजी माणूस भेटला की रामराम करत नाही. पहिला सवाल, "बी काविळीची तपासनी केली क्या?" एका हळदीला त्याने नवऱ्या मुलालाच विचारलं. मुलीकडचा मामा मारायला धावला.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी अलिबागला सरकारी इस्पितळात त्याचं रक्त तपासलं, तेव्हा ही बी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी, निघाली. डोळे पिवळे नाहीत, भाकऱ्या चापून खातो, जन्मभर मिठागरात राबलेला गडी. डॉक्टरीण म्हणाली, "काका, असे पुष्कळ निघतात. येतात दुसऱ्याच दुखण्याला आणि रक्तात ही सापडते." दुसरा कोणी तोंड लपवून बसला असता. हा सलाईनची बाटली हातात धरून खाटेखाटेला हिंडला. "तू बीवाला क्या? लाजतोस कशाला, मीपन हाय!" दोघं-तिघं निघाले, तर सोयरे भेटल्यासारखा खूश. शेवटी सिस्टरने दंडाला धरून आणला.

गावात बायका त्याला चहा द्यायला बिचकायच्या. हा दारातच भाषण ठोकायचा, "चहानी न्हाय होत गो, रक्तानी होते!" न्हाव्याला तर जीव नकोसा केला. "नवीन ब्लेड काढ. माझ्या डोल्यासमोर काढ."

माझ्या तर हात धुवून मागे लागला. मी म्हटलं, "हिराज्या, माझी बायको जिथं गेली त्या इस्पितळाची पायरी मी चढणार न्हाय. आता जगून करायचं काय?" त्याने ऐकलंच नाही. रोज सकाळी माझ्या ओटीवर हजर. शिव्या घातल्या तरी उठेना. कंटाळून गेलो एकदाचा.

पायरीशी माझे पाय अडले. हिराजीने माझं कोपर धरलं. आत सिस्टरने माझी बाही वर सारली, तसं हातावरचं गोंदण दिसलं. हिराजीने मान फिरवली. मग रिपोर्ट येईपर्यंत तोंडातून अक्षर नाही. शेजारच्या बाकड्यावर पेशंट होते, त्यांनाही काही विचारलं नाही. मला वाटलं, यालाच दाखल करावं लागतंय.

सिस्टर आली. "आजोबा, तुम्हाला नाहीये. लस तेवढी घेऊन टाका."

हिराजी मटकन खाली बसला आणि डोळे पुसायला लागला.

"अरे मेल्या, मला न्हाय तर तू रडतोस कशाला?"

"जत्रेत गोंदवलं व्हतं ना आपन," तो म्हणाला. "सगल्यांना एकच सुई व्हती रं. रांगेत मी फुडं व्हतो, आन तू माझ्या मागं."