आपला बदाम मिळाला

मोदकाच्या साच्याच्या फोटोखाली एका बाईंनी नुसता लाल बदाम टाकलेला. इमोजी. बाकी एक अक्षर नाही. त्याच्या खाली आमच्या कंपनीच्या नावाने उत्तर गेलेलं:

‘स. न. वि. वि. आपला बदाम मिळाला. आभारी आहोत. साच्याबाबत काही सूचना असल्यास निःसंकोच कळवाव्यात. आपला नम्र, भा. गो. भालेराव, ग्राहक पत्रव्यवहार.’

मी खाली खाली जात राहिले. जितके बदाम तितकी उत्तरं. कोणीतरी हसून लोटपोट झालेला चेहरा टाकलेला, त्याला उत्तर होतं, ‘आपण हसलात, बरे वाटले.’ एका टवाळाने ‘बकवास’ एवढंच लिहिलेलं. त्यालाही सोडलं नव्हतं. ‘आपला अभिप्राय एका शब्दात असल्याने नेमकी अडचण ध्यानात आली नाही. कृपया सविस्तर लिहावे.’

मी मान वळवून शेजारच्या टेबलाकडे बघितलं. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि उजव्या हाताची तर्जनी फोनवर अशी चाललेली, जणू गरम तव्याला हात लावतायत. ते भालेराव काका.

आमची कंपनी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये होती. सोऱ्या, किसणी, पुरणयंत्र, मोदकाचे साचे, असला सगळा माल. मी डोंबिवलीहून यायचे, नुकतीच लागलेले, आणि माझ्या नेमणुकीच्या पत्रावर ‘सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह’ असं लिहिलेलं. काकांनी ते पत्र मागून घेऊन दोनदा वाचलं आणि म्हणाले, “म्हणजे तू पत्रांचंच बघणार. बरं झालं. मी एकटा पडलेलो.”

एके काळी काकांच्या टेबलावर रोज पोस्टमन गठ्ठा टाकायचा. गावोगावच्या बाया लिहायच्या. किसणीची धार गेली, पुरणयंत्राची जाळी अडकते, जावयाला तुमच्या साच्यातले मोदक आवडले. काका प्रत्येकीला उत्तर द्यायचे. मग पत्रं आटत गेली. शेवटच्या वर्षी दोन आली, त्यातलं एक शेजारच्या गाळ्याचं होतं. तरी काका नऊ वीसला हजर. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, म्हणून मालकांनी, म्हणजे थोरल्या शेठचे चिरंजीव नीरज सर, त्यांनी काकांना एक फोन दिला आणि माझ्या शेजारी बसवलं. “कमेंट वाचू देत,” सर मला म्हणाले, “वेळ जाईल त्यांचा.”

काकांनी नवीन आवक-जावक वही सुरू केली. ‘आवक क्रमांक ३१: नाइस. आवक क्रमांक ३२: प्राइस प्लीज. आवक क्रमांक ३३: अंगठा.’ समोर उत्तराची तारीख. मी म्हटलं, “काका, हे सगळं फोनमध्ये राहतंच की.”

“फोनमध्ये राहील, गं. आपण विसरतो ना.”

आणि त्यांचा लाडका प्रश्न. मी सकाळी पर्ससुद्धा ठेवलेली नसायची, तोच कानावर यायचा: “पोच दिली का?” माणसाने काही पाठवलं की ते मिळालं एवढं तरी कळवायचं, हा त्यांचा सगळा धर्म. वाढदिवसाला मी त्यांना फोनवर केकचं चित्र पाठवलं, तर टेबलापलीकडून, एका हाताच्या अंतरावरून, लेखी पोच आली.

एकदा जाहिरात एजन्सीचा माणूस आला. टोकदार बूट, पडद्यावर रंगीत आलेख. “आपल्याला ऑडियन्सबरोबर एंगेजमेंट वाढवायची आहे,” तो म्हणाला. काकांनी हात वर केला.

“साखरपुडा?”

सगळे हसले. काका नाही हसले. “नाही, शब्द चांगला आहे. पण साखरपुड्याला दोन बाजू लागतात. तुम्ही दाखवलंत त्यात आपणच नाचतोय, आपणच गातोय. त्या बाईला काय म्हणायचंय, ते कुठेय?”

त्या माणसाने ‘व्हेरी इंटरेस्टिंग, सर’ म्हणून पुढचं चित्र लावलं.

दिवाळीच्या आधी आमच्यावर आलं. नव्या सोऱ्याचा दांडा निसटायला लागलेला. कल्याणच्या वैशालीताई म्हणून एक होत्या, त्यांनी व्हिडिओ टाकला. एका हातात सोऱ्या, दुसऱ्या हातात दांडा, पुढ्यात परातभर भिजवलेली भाजणी. “हे बघा, ह्यांचा दर्जा! आता ही चकली काय मी बोटांनी पाडू?” दोन दिवसांत तो व्हिडिओ माझ्या आत्याने मला पाठवला, माझ्या जिमवालीने पाठवला, शेवटी नीरज सरांच्या सासूबाईंनी सरांना पाठवला.

एजन्सीचा माणूस धावत आला. “आपल्या पेजवर तिने टाकलेलं आधी डिलीट करा. तिला ब्लॉक करा. वर एक मस्त रांगोळीचं रील सोडू, लोक विसरतील.”

सर मला म्हणाले, “कर डिलीट.”

काकांनी फोनवर तळहात ठेवला. “पत्र आलंय, साहेब. ते फाडता येत नाही.”

“भालेराव, ते पत्र नाहीये.”

“मग तिने लिहिलं कोणाला?”

सर “संध्याकाळी बघू,” म्हणून केबिनमध्ये गेले. काकांनी टोपी घातली, पिशवीत एक जुना सोऱ्या टाकला आणि मला म्हणाले, “चल.”

गॅरंटी कार्डावरून पत्ता काढून, खोपटच्या डेपोवर जाऊन आम्ही कल्याणची एसटी पकडली. वाटभर काका वैशालीताईंना काय म्हणायचं ते पुटपुटत होते. मी नोकरीत कायमसुद्धा झालेले नव्हते.

वैशालीताईंनी दार अर्धंच उघडलं. “कंपनीतून? काय, व्हिडिओ काढून टाका म्हणून सांगायला आलात?”

काकांनी हात जोडले. “नाही, बाई. चकली बघायला आलोय.”

त्या इतक्या चकित झाल्या की आत घेतलं. काका सरळ स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसले. “करा. तुम्ही नेहमी करता तशी. मी मध्ये बोलणार नाही.” तिसऱ्या चकलीला दांडा सटकला. मग काकांनी स्वतः करून बघितलं. त्यांचा तळहात लाल झाला. खिशातून फूटपट्टी काढून त्यांनी नव्या आणि जुन्या सोऱ्याच्या दांड्याचा आटा, म्हणजे स्क्रूचे वेढे, मोजला. नव्याचा आटा अर्ध्या बोटाने तोकडा होता. दांडा धरणार कशाला?

कढईतला एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. “भाजणी उत्तम. दोष आमचा,” म्हणाले. वैशालीताईंनी चहा ठेवला. निघताना काकांनी जुना सोऱ्या त्यांच्याकडे ठेवला. “हा माझ्या घरचा आहे. तुमचा नीट होऊन येईपर्यंत वापरा.”

परतताना बसमध्येच त्यांनी त्या व्हिडिओखाली उत्तर लिहिलं. कोणालाही न विचारता. ‘आम्ही आपल्या घरी येऊन पाहिले. दोष आमचा आहे. या हंगामात ज्यांनी नवा सोऱ्या घेतला त्यांनी परत पाठवावा, जुन्या मापाचा आटा लावून देऊ.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा.

दुसऱ्या दिवशी केबिनमधला आवाज बाहेर ऐकू येत होता. “कंपनीच्या वतीने कबुली द्यायला तुम्ही कोण?”

“सही माझी आहे,” काका शांतपणे म्हणाले. “मला काढा, साहेब. उत्तर काढू नका.”

ना काकांना काढता आलं, ना उत्तर, कारण तोवर उत्तराखाली गर्दी झालेली. वैशालीताईंनी काकांचा फरशीवर बसून चकली पाडतानाचा फोटो टाकलेला. त्याखाली एकीने लिहिलं, ‘माझ्याकडे सासूबाईंचा सोऱ्या आहे, याच कंपनीचा.’ फोटोसकट. मग दुसरी. ‘हा आईच्या रुखवतातला.’ ‘आजीने जाताना मला दिला.’ काळवंडलेले पितळी सोऱ्ये, नाव कोरलेले, दांड्याला चिंधी गुंडाळलेले, कितीतरी. आमच्या पानावर जणू माहेरवाशिणी जमल्या. काका तीन आठवडे उत्तरं देत होते, आणि प्रत्येकीला आधी त्या सासूबाईंचं, आईचं, आजीचं नाव विचारत होते. बायका सांगत होत्या. इंदुमती. गंगूबाई. रखमा.

सोऱ्ये परत आले, आटे बदलले, वर नव्या मागण्या आल्या. एजन्सीच्या माणसाने पुढच्या बैठकीत याला आपलं ‘ऑरगॅनिक कॅम्पेन’ म्हटलं. काकांनी त्याला पेढा दिला.

वर्षाने काका निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. कमेंटचं काम मशीनकडे गेलं. कोणी काहीही लिहो, क्षणात उत्तर: ‘थँक यू फॉर रीचिंग आउट! आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल.’ माझ्याकडे रील्स आणि आलेख आले. खरं सांगते, मला सोपंच वाटलं.

काही महिन्यांनी एकदा मी सहज जुन्या पोस्ट चाळत होते. प्रत्येकीखाली एकाच बाईंची कमेंट दिसायला लागली. ‘मी पुरणात जायफळ शेवटी घालते, आधी घातले की वास उडतो.’ ‘किसणीवर गाजर उभे धरावे, आडवे नाही.’ ‘चकलीच्या पिठाला मी गरम पाणीच वापरते.’ प्रत्येकीखाली मशीनचं थँक यू. आणि त्या थँक यूखाली परत, ‘आपले उत्तर मिळाले. टीमची वाट पाहते.’

नाव होतं सुशीला भालेराव. फोटोत निळ्या साडीतली, हसू दाबून उभी असलेली बाई.

सुशीलाकाकू मी नोकरीला लागायच्या आधीच गेलेल्या. काका हे एकदाच, डबा उघडताना म्हणालेले. स्वतःच करून आणलेली भेंडी होती.

रविवारी मी वर्तकनगरला काकांकडे गेले. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी काकू. टेबलावर एक जुना फोन चार्जिंगला लावलेला.

“तिचा आहे,” काका म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. “बंद पडू देत नाही. तिचं सगळं अंदाजाने असायचं, गं. कुठे लिहून नाही ठेवलं. मला जेवढं आठवतं तेवढं टाकतो.”

“पण तुमच्या नावाने का नाही, काका?”

“माझ्या नावाने?” त्यांना खरंच धक्का बसला. “रेसिपी तिची आहे.”

मी घरी येऊन सर्वांत आधी आमच्या पानावरचं ते आपोआपचं उत्तर बंद केलं. सोमवारी सरांना सांगितलं. सर बराच वेळ काकूंच्या कमेंट वाचत राहिले, मग म्हणाले, “राहू दे बंद.” त्या दिवसापासून काकूंना मी स्वतः लिहायला लागले. मग इतर बायकाही त्यांच्याशी बोलायला लागल्या. दिवा गावातल्या एका नव्या लग्नाच्या मुलीने विचारलं, ‘काकू, चार वाट्या भाजणीला मोहन किती घालता?’

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज पार पडलेला. “मोहन किती ते मला माहीत नाही, गं. ती गरम तेल नुसतं ओतायची. मी कधी बघितलंच नाही.”

त्या रविवारी मी परत गेले. ओट्यावर तेलाचे डाग, काकांच्या चष्म्यावर पीठ, आणि तीन ताटल्या. पहिलीतल्या चकल्या दगड झालेल्या. दुसरीतल्या तेलात विरघळून नुसता चुरा. तिसरी ताटली त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि बघत उभे राहिले. मी खाल्ली. छान होती.

“ही तिच्या जवळ जाते,” ते म्हणाले. एक तुकडा त्यांनीही घेतला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चावत राहिले.

मग त्यांनी काकूंचा फोन उचलला, चष्मा पुसला आणि त्या मुलीला लिहिलं: ‘आमच्याकडे पाव वाटीला जरा कमी घालतात.’