तिघांच्या खांद्यांएवढी गल्ली

"या गावातली गल्ली न् गल्ली मला डोळे झाकून पाठ आहे!" असं म्हणून कॅप्टनने आपलं फिरतं घर गल्लीत घातलं.

आता कॅप्टन म्हणजे जहाजावरचा वगैरे नव्हे हं! आयुष्यभर विम्याच्या कचेरीत खुर्ची झिजवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्याने राहतं घर विकलं, एक लांबलचक गाडी घेतली, तिच्यात पलंग, शेगडी सगळं बसवून घेतलं आणि बायकोला सांगितलं, "आजपासून मला कॅप्टन म्हणायचं." तिने मान डोलावली आणि पूर्वीसारखीच "अहो" म्हणत राहिली. गाडीत त्याच्या खास लाडाची एक वस्तू होती. दाराशी बटण दाबलं की खालून पायरी बाहेर यायची, पुन्हा दाबलं की आत जायची. कुणी भेटलं की नमस्कार मागाहून, आधी पायरी!

भटकंतीचा त्याचा नियम एकच. कुणाकडेही गेलं तरी एक कप चहा. कप खाली ठेवला की गाडी सुरू.

"अहो, तुमच्या शाळासोबत्याची, बारक्याभावजींची बायको मला सख्ख्या बहिणीसारखी," बायको सकाळपासून विनवत होती. "किती वर्षांनी भेटणार! आजचा एक दिवस तरी राहू या."

"एक कप! माणूस बसला की त्याला मुळं फुटतात."

वाईट वाटलं तिला, फार वाटलं. पण कॅप्टनचं लक्ष रस्त्याकडे होतं.

"गल्ली अरुंद दिसतेय हो," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"अरुंद? अगं, मी, बारक्या आणि वकील तिघं खांद्याला खांदा लावून शाळेत जायचो, तरी दोन्हीकडे ही एवढी जागा उरायची! गाडी नाचत जाईल!"

हिशेब तसा चोख होता. ते तिघं तेव्हा पहिलीत होते, एवढंच काय ते विसरलं.

गाडी दोन्ही भिंतींना जेमतेम वीतभर जागा सोडत, पोट आत घेतल्यासारखी सरकत राहिली. बारक्याचं घर आलं तशी बायको सवयीने उठून दाराशी गेली. खालून 'खट्ट' झालं आणि गाडी जागच्या जागी थांबली! बायकोने खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. मग हलकेच पडदा ओढून घेतला.

पुढे जाईना, मागे येईना. कॅप्टनने हॉर्न वाजवला. आवाज ऐकून बारक्या धावत आला. नाव बारक्या, पण आता एकटाच अर्धी गल्ली अडवत होता. मागोमाग वकील आला. हा जन्मात कोर्टाची पायरी चढला नव्हता, पण भांडणात कधी हरलाही नव्हता.

"अडकलास!" वकील खुशीत ओरडला. "मी म्हणालोच होतो, हा गल्लीत परत येणार आणि अडकणार!"

"मी अडकलेलो नाही! गाडी अडकलीय!"

बायको मागच्या खिडकीतून बाहेर पडली आणि बारक्याच्या बायकोच्या गळ्यात पडून रडली, हसली, परत रडली. मग दोघी घरात गेल्या त्या गेल्याच. कॅप्टनचं पोट मात्र त्या खिडकीतून जाईना.

"कॅप्टन कधी जहाज सोडत नसतो!" तो म्हणाला आणि आपल्या जागेवर येऊन बसला.

मित्रांनी ढकलून पाहिलं. बारक्याने पुढून, वकिलाने मागून, तेही एकाच वेळी! गाडी कशाला हलतेय? शेवटी दोघांनी गाडीच्या तोंडाशी स्टुलं मांडली आणि काचेतून गप्पा सुरू झाल्या. खिडकीतून चहा आत गेला. मग दुसरा. मग जेवणाचं ताट. गणिताच्या बाईंची नक्कल झाली, वकिलाचं पहिलं प्रेम निघालं, बारक्या इतका हसला की त्याचं स्टूल मोडलं. नियमाची आठवण कुणालाच झाली नाही.

उन्हं कलली तशी बायको आली, खिडकीतून आत शिरली आणि दाराशी जाऊन तिने बटण दाबलं. खट्ट!

"आता करा सुरू."

मित्रांनी स्टुलं उचलून ओट्यावर ठेवली, स्वतःही वर चढले आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गल्लीबाहेर आली. कॅप्टन बघतच राहिला.

"म्हणजे... पायरी? माझी पायरी अडकली होती?"

"बारक्याभावजींच्या ओट्याखाली."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"सकाळपासून," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही एकच कप म्हणालात ना? मला एक दिवस हवा होता."

कॅप्टन रागाने लाल व्हायला निघाला होता, पण वाटेत आरसा आला. आरशात बारक्या मोडकं स्टूल उचलत होता आणि वकील हात हलवायचं सोडून नुसताच उभा होता. कॅप्टनने गाडी थांबवली आणि हळूच मागे घेऊन परत गल्लीत घातली.

"अहो, काय करताय?"

"काही नाही," कॅप्टन तिच्याकडे न बघता म्हणाला. "ओटा आला की ते बटण जरा दाब."