नाकानं पास केलेलं ऑइल

म्हैसूरच्या आमच्या गल्लीत कुणाला गाडीत ऑइल घालायचं असेल तर आधी ते व्यंकूमामांना हुंगायला द्यावं लागतं. डबा सीलबंद असो, त्याच्यावर कितीही शिक्के असोत. मामा झाकण उघडतात, दोन थेंब बोटावर घेतात, अंगठ्यानं चोळतात, डोळे मिटून नाकाशी नेतात आणि सोयरीक पसंत पडल्यासारखी मान डोलावतात. मगच ऑइल इंजिनात जातं.

मामा समोरच्या घरात राहतात, एवढंच आमचं नातं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोड्याचा दाणासुद्धा हुंगल्याशिवाय घालत नसत, असं मामा सांगतात. खुद्द मामांचा जन्म बस डेपोत मेकॅनिकी करण्यात गेला.

शिक्क्यांवरचा त्यांचा राग तिथलाच. एकदा डेपोत ऑइलचं नवं पिंप आलं. मामा म्हणाले, रॉकेलचा वास येतोय. साहेबांनी तपासणीचा शिक्का मारलेला कागद त्यांच्या नाकापुढे धरला. महिन्याभरात दोन बसची इंजिनं जाम झाली, आणि तेव्हापासून मामांनी एकच मंत्र धरला. "शिक्का सुम्ने. नाक खरं, अल्वा?"

कानडीत अल्वा म्हणजे हो ना, आणि सुम्ने म्हणजे उगीच. मामांच्या लेखी पुढाऱ्यांची भाषणं सुम्ने, डॉक्टरांची टॉनिकं सुम्ने, आणि मी बँकेत दिवसभर करतो ते तर अगदीच सुम्ने.

मी एकदा शहाणपणा केला. डब्यावरच्या अक्षरांना अर्थ असतो, ऑइल आधी इंजिनात चालवून बघतात, स्कूटरचं वेगळं आणि मोटरसायकलचं वेगळं असतं, असं सगळं वाचून त्यांना सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते तपासत होते तवा तू तिथं उभा होतास काय?" मी नव्हतो. पुढच्या रविवारी मीही निमूटपणे डबा घेऊन त्यांच्या कट्ट्यावर गेलो.

मामी गेल्यापासून घरात मामा आणि त्यांची लेक सुजाता, दोघंच. ती बन्नूरच्या शाळेत शिकवते. ती शाळेत गेली की मामा कट्ट्यावर आमच्या गाड्यांची वाट बघत बसतात. मध्यंतरी दोन-तीनदा त्यांच्या स्वयंपाकघरात दूध करपलं. वास गल्लीभर गेला, मामा मात्र कट्ट्यावर ढिम्म. ऑइलपुढे माणसाला घरदार सुचत नाही, असं म्हणून आम्ही हसलो.

गेल्या महिन्यात सुजातानं बसला कंटाळून स्कूटर घेतली. पहिलं ऑइल बदलायच्या दिवशी मामा डबा घेऊन स्वतः माझ्या दारात आले. आजवर कधी आले नव्हते.

"जरा हुंगून सांग रे," म्हणाले.

मला वाटलं, परीक्षा घेताहेत. मी हसलो. ते हसले नाहीत.

"मला वासच येत नाही. त्या मोठ्या तापापासनं. दोन वर्सं झाली."

"मग आमची ऑइलं?"

"सुम्ने," मामा खाली बघत म्हणाले.

खरं तर मला राग यायला हवा होता. त्या दोन वर्षांत माझ्या गाडीचं ऑइल त्यांनी चारदा पास केलं होतं. सांगितलं का नाहीत, एवढंच मी विचारलं.

"सांगितलं असतं तर डबा घेऊन कोण आलं असतं रे माझ्याकडं?" मग डबा माझ्या हातात देत म्हणाले, "पण पोरगी रोज बन्नूरला जाणार. येताना उसाच्या रानातल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर? हिच्या गाडीला सुम्ने चालत नाही."

मी हुंगलं. ऑइलला ऑइलचा वास येत होता, याहून जास्त मला काही कळलं नाही, आणि मी ते तसंच सांगितलं. मामांनी खिशातून चष्मा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा डब्यावरचा शिक्का नीट बघितला. एकेका अक्षराचा अर्थ मला विचारला. ऑइल स्कूटरचंच आहे ना, हे दोनदा विचारलं.

"तपासत असतील ना रे ते लोक?"

तिथे उभा होतो का, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. मी म्हटलं, "तपासतात, मामा." त्यांनी मान हलवली आणि सावकाश घरी गेले.

पुढच्या रविवारी माझ्या गाडीला ऑइलची काही गरज नव्हती. तरी मी एक डबा विकत आणला आणि समोरच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला.

"मामा, जरा बघता काय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग झाकण उघडलं, दोन थेंब बोटावर घेतले आणि डोळे मिटून नाकाशी नेले.